हरकत विचारल्यावर थांबायचं असतं

इकबालभाईंचं पंक्चरचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. मी महाडला आलो त्या पहिल्या दिवसापासून ते मला 'फादर' म्हणतात. फादर कॅथलिकांचे असतात आणि ते लग्न करत नाहीत. मी प्रॉटेस्टंट पाळक, मला बायको आहे, दोन मुलं आहेत, हे त्यांना अनेकदा समजावून झालं. ते शांतपणे ऐकून घेतात, ट्यूब पाण्यात बुडवतात, बुडबुडा कुठून येतोय ते बघतात आणि म्हणतात, "बरोबर हाय, फादर." आता निवृत्त झाल्यावर हा वाद मी त्यांना जिंकू दिला आहे.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र रास्त होता. "रविवारचा तास सोडला तर बाकी आठवडाभर तुमी करता काय?" या अंकाच्या संपादकांनीही जरा सभ्य शब्दांत हेच विचारलं, म्हणून लिहायला बसलो.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, अगदी मूठभर. औद्योगिक वसाहतीतले फिटर आणि ऑपरेटर, एसटीच्या आगारातले दोघेतिघे, नर्सबाया, एक शिक्षक. बहुतेकांना नोकरीनं इथं आणलेलं. चर्च कौलारू, बसकं, आणि भिंतीवर महापुराच्या गाळाची रेघ. तीवर दोनदा चुना मारला तरी पावसाळ्यात ती वर येतेच. सकाळची उपासना महाडला, संध्याकाळची पोलादपूरला एका किराणा दुकानाच्या माडीवर. मधला रस्ता स्कूटरवरून. महामार्गाचं काम लवकर पूर्ण होवो ही प्रार्थना आम्ही इतकी वर्षं केली, की देवाकडं किती धीर आहे याची मला त्यावरूनच कल्पना आली.

उरलेल्या दिवसांत पाळक दवाखान्यात जातो, भांडणं सोडवतो, मयताला उभा राहतो, नव्या रिक्षेवर हात ठेवून प्रार्थना करतो. पण खरं काम वेगळंच. लोक येऊन खुर्चीच्या कडेवर बसतात आणि विचारतात, "साहेब, यात देवाची इच्छा काय असेल?"

एक फिटर आखाती देशात जायचं की नाही हे विचारायला महिनाभर येत होता. मी म्हणायचो, बायकोशी बोल, म्हाताऱ्या आईचं काय ते बघ, मग ठरव. तो मान हलवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. शेवटी माझ्या लक्षात आलं, की पासपोर्ट, तिकीट, सगळं त्याच्या खिशातच होतं. त्याला होकार हवा होता आणि तो देवाच्या सहीनं हवा होता. दुसऱ्या एक बाई डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायच्या, बोट ठेवायच्या आणि बोटाखाली जे वचन येईल ते उत्तर मानायच्या. माणगावला फ्लॅट घ्यावा का, असा प्रश्न होता आणि बोट पडलं वंशावळीवर. नुसती नावंच नावं. बाईंनी त्याचा अर्थ लावला की घराणं वाढणार, तेव्हा दोन खोल्यांचा नको, तीन खोल्यांचा घ्यावा. घेतलाही. मला चहाला बोलावलं होतं, घर चांगलं आहे.

हसू येतं खरं, पण यात चेष्टेसारखं काही नाही. आपण एकटे नाही, आपलं कुणीतरी बघतंय, असं वाटणारी माणसंच असं विचारतात. फक्त या विचारण्यात एक मोठा धोका असतो आणि तो मला यशवंत जाधवांच्या लेकीनं, करुणानं दाखवला. तीच गोष्ट सांगायची आहे.

त्याआधी आमची एक रीत सांगायला हवी. चर्चमध्ये लग्न लागण्याआधी तीन रविवार भर उपासनेत त्या लग्नाची सूचना वाचली जाते. बॅन्स म्हणतात तिला. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचा विवाह ठरला आहे, कुणाची रास्त हरकत असेल तर सांगावी. मुलाच्या चर्चमध्येही वाचतात, मुलीच्याही. हरकत म्हणजे आधीचं लग्न झालेलं असणं, वय कमी असणं, जवळचं नातं असणं. अशी हरकत सहसा कुणी घेत नाही. त्यामुळं बरेच पाळक ते वाक्य स्टेशन आल्याच्या घाईनं वाचतात आणि पुढच्या गीताचा नंबर सांगून मोकळे होतात.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारे पाळक तसं करू देत नसत. माझ्या पहिल्याच सूचनेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "हरकत विचारलीस ना? मग थांब. हरकत असलेल्या माणसाला उभं राहायला वेळ लागतो." तेव्हापासून मी थांबतो. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागेपर्यंत थांबतो. लोक चुळबुळतात, कुणी घड्याळ बघतं. माझ्या या सवयीची मंडळीत थट्टाही व्हायची. "साहेबांना कुणीतरी हरकत घ्यावी असं फार वाटतंय," असं म्हणायचे.

यशवंत जाधव एसटीच्या आगारात मेकॅनिक. चर्चमध्ये पेटी वाजवायचे. शिकले कुणाकडं नव्हते, कानानं वाजवायचे. हातावर ग्रीसचे डाग तसेच, पण पट्ट्यांवर बोटं फिरू लागली की जुनी गीतं उजळून निघायची. बायको लवकर गेली. एकच मुलगी, करुणा. तिनं नर्सिंग केलं आणि पोलादपूरला दवाखान्यात लागली. तळीयेची दरड कोसळली त्या जुलैत पोलादपूरच्या वरच्या वाड्यांचे रस्तेही तुटले होते. तेव्हा ही पोरगी औषधांची पिशवी पाठीला बांधून चिखलातून वर जात होती. खाली आली ती बदलूनच. आधी बदली मागत होती, नंतर तिनं ते नाव काढलं नाही.

करुणाला आईच्या जागी होत्या त्या सुलभाआत्या. यशवंतभाऊंची थोरली बहीण, कल्याणला राहणाऱ्या, विधवा, प्रार्थनेत मुरलेल्या. त्यांनी पोरीच्या लग्नासाठी उपास धरला आणि त्या उपासात त्यांना स्वप्न पडलं. करुणा पांढऱ्या साडीत एका दारात उभी आहे आणि शेजारी एक उंच मुलगा. पुढच्याच आठवड्यात पुण्याचं स्थळ आलं. मुलगा उंच होता, मोठ्या कंपनीत इंजिनिअर होता, घराणं प्रार्थनाशील होतं. आता यात शंकेला जागा कुठं उरली? पुण्याच्या मंडळींनाही प्रार्थनेत शांती वाटली. यशवंतभाऊ मला पेढे द्यायला आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "साहेब, प्रभूनं स्वतः लक्ष घातलं. माझ्यानं एवढं झालंच नसतं."

मी विचारलं, "करुणाची पसंती आहे ना?"

"तिची काय नापसंती असणार?" ते म्हणाले. करुणा त्यांच्या मागंच उभी होती. ती हसली आणि पेढ्याचा पुडा माझ्या बायकोच्या हातात दिला.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, तोंडावर आला होता आणि त्या दिवसांत आमच्यात लग्नं लागत नाहीत. त्यामुळं घाई. पहिल्या रविवारी सूचना वाचली, दुसऱ्या रविवारी वाचली. मी दोन्ही वेळा थांबलो, काही झालं नाही. शनिवारी रात्रीचं जेवताना शालिनी, माझी बायको, म्हणाली, "बाप पेटी वाजवतोय आणि पोरगी गात नाही."

"घसा बसला असेल."

"दोन्ही रविवारी? तोंड हलतं तिचं, आवाज येत नाही. मी तिच्या पुढंच बसते." मग भांडी गोळा करता करता म्हणाली, "उद्या जरा जास्त थांबा."

तिसऱ्या रविवारी आत्या मुद्दाम कल्याणहून आल्या होत्या. मी सूचना वाचली, हरकत विचारली आणि थांबलो. पंखा ऐकू आला. बाहेर एक रिक्षा सुरू होईना, तिचं खोकणं ऐकू आलं. यशवंतभाऊंनी भात्यावर हात ठेवला होता, पुढचं गीत त्यांना माहीत होतं. मी अजून थांबलो. मग बाक वाजला.

करुणा उभी होती. "माझी हरकत आहे."

इतक्या वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले आणि ते नवरीच्या तोंडून. क्षणभर मला पुढचा नियमच आठवेना. मी विचारलं, "कशाबद्दल, करुणा?"

"मला हे लग्न करायचं नाय." आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "घरी बोलायला गेले की सगळे म्हणतात, प्रभूची इच्छा आहे. मग त्याच्यापुढं मी काय बोलणार? प्रभूनं आत्याला सांगितलं, बाबांना सांगितलं, पुण्याच्या लोकांना सांगितलं. मलाच कसं नाय सांगितलं?"

"करुणा, खाली बस," आत्या म्हणाल्या.

"इथं विचारतात हरकत आहे का म्हणून. दुसरीकडं कुणी विचारलंच नाय," ती म्हणाली आणि मगच बसली.

मी वही मिटली. हरकत आली आहे, ही सूचना इथं थांबते, असं सांगितलं आणि गीताचा नंबर पुकारला. पेटी वाजली नाही. यशवंतभाऊंनी भाता बंद केला, झाकण लावलं, दोन्ही कड्या घातल्या आणि कुणाकडं न बघता ते बाहेर निघून गेले. शालिनीनं गीत धरलं, पण एक पट्टी वर. अर्ध्या कडव्यात सगळ्यांचे आवाज फाटले. त्या दिवशीची उपासना तशीच फाटक्या आवाजात पार पडली.

दुपारी आत्या आमच्याकडं आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. "पाळकसाहेब, तुम्ही देवाच्या प्लॅनच्या आड आलात. एवढा वेळ थांबायची गरजच काय होती?"

मी म्हणालो, "आत्या, तुमच्या उपासाबद्दल मला आदर आहे. पण मुलीच्या लग्नाचं तुम्हाला दाखवायचं आणि मुलीला काहीच नाही, इतका देव भिडस्त नाही."

त्या उठून गेल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मी तेव्हाही मानत होतो. आई नसलेल्या पोरीसाठी त्या खरंच उपाशी राहिल्या होत्या, खरंच स्वप्न पडलं होतं. फक्त माणूस मनापासून काही मागतो तेव्हा स्वप्नं त्याच बाजूला झुकतात, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आमच्या कमिटीत दोन तास खल झाला. एकजण म्हणाले, "'मला नको' ही हरकत नियमात बसत नाही." मी म्हणालो, "लग्नाच्या दिवशी मी तिला मान्य आहे का म्हणून विचारणारच होतो. तिनं उत्तर थोडं आधी दिलं." दुसऱ्यांना खात्री होती, की पोरीचं कुठंतरी जमलेलं असणार. तसं काहीही नव्हतं. तिला वरच्या वाड्यांचं काम सोडायचं नव्हतं आणि पुण्याच्या घरी नोकरी न करणारी सून हवी होती. एवढी साधी गोष्ट होती. पण साध्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

पुण्याला निरोप सांगायला मीच गेलो. यशवंतभाऊंना ते झेपलं नसतं. मुलाच्या आईनं चहा दिला, डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं, आधी कळलं." मुलगा मला स्टँडवर सोडायला आला. म्हणाला, "तिनं मला एक फोन केला असता तर मीच थांबवलं असतं. पण आमचं सगळं बोलणं आत्यांमार्फत होतं." चांगला मुलगा. त्याचं पुढं चांगलं झालं.

इकबालभाईंपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. स्कूटरचं चाक काढता काढता म्हणाले, "आमच्यात निकाहाच्या आधी पोरीला विचारावंच लागतं, फादर. तिनं कबूल म्हटल्याबिगर पुढं जात नाय."

"आणि ती गप्प बसली तर?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "तर बाजूच्या बाया म्हणतात, लाजतेय, हो आहे तिची." मग जरा वेळानं म्हणाले, "तुमच्यासारखं थांबायला पायजे."

पंक्चरचे पैसे त्या दिवशी त्यांनी घेतले नाहीत.

पण खरं नुकसान झालं ते बापलेकीचं. करुणा पोलादपूरला खोली घेऊन राहिली आणि संध्याकाळच्या माडीवरच्या उपासनेला येऊ लागली. यशवंतभाऊ सकाळी महाडला यायचे, पण शेवटच्या बाकावर बसायचे. पेटी कोपऱ्यात झाकलेली. त्यांच्याजागी दुसरं कुणी बसेना. आम्ही कितीतरी महिने पेटीशिवाय गायलो आणि दर रविवारी नव्यानं बेसूर झालो. मला काळजी वाटायची ती ही, की हा माणूस एक दिवस यायचाच बंद होईल. तसं झालं असतं तर पोरीनं आयुष्यभर स्वतःला दोष दिला असता. माझं काम तिला लग्नातून सोडवण्यावर संपलेलं नव्हतं. बापाची लेक त्याला परत मिळाली नसती, तर माझ्या थांबण्याला काय अर्थ होता?

उपदेश करून उपयोग नव्हता. मी एकदा करून पाहिला, यशवंतभाऊ म्हणाले, "साहेब, तुमचं झालं असंल तर मी निघू?" पण उपासनेनंतर दारात हात मिळवताना ते एक गोष्ट न चुकता विचारायचे. "गेल्या रविवारी पोलादपूरला कोण कोण होतं?"

मी नावं सांगायचो. दुकानवाल्यांच्या घरचे, शिक्षक, दवाखान्यातली दोघं, आणि करुणा. तिचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवायचो. ते ऐकलं की मान हलवायचे आणि जायचे. तिकडं माडीवर करुणा चपला घालताना विचारायची, "आज पेटी कुणी वाजवली?" कुणी नाही, असं मी सांगितलं की तिचा चेहरा उतरायचा. माझी स्कूटर दर रविवारी या दोन प्रश्नांची ने-आण करत होती. मी माझ्या मनचं त्यात काही घातलं नाही. ते मला जड गेलं, कारण पाळकाला मधे बोलायची फार खोड असते.

एकदा ती ड्युटीमुळं आली नव्हती. मी नावं सांगितली आणि थांबलो. यशवंतभाऊंनी माझा हात सोडला नाही. "तब्येत बरी हाय ना तिची?"

"बरी आहे. ड्युटी होती."

"मंग ठीक," म्हणाले आणि गेले. घरी येऊन मी शालिनीला हे सांगितलं तेव्हा ती चुलीवरचं दूध विसरली. ते उतू गेलं, पण त्याबद्दल कुणी कुणाला बोललं नाही.

मग आला हंगामाचा सण. पिकं निघाली की आमच्यात एका रविवारी लोक घरचं, शेतचं, परसातलं जे असेल ते देवापुढं आणून ठेवतात. ज्यांना शेत नाही ते बाजारातून आणतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. चार लिंबांना लोक हौसेनं शंभर रुपये बोलतात, कोंबडी सुटून पळते, पोरं तिच्यामागं. मंडळीतला हा सगळ्यात आनंदाचा दिवस.

उपासना सुरू व्हायच्या वेळी दारात एक म्हातारी उभी दिसली. नऊवारी, डोईवर फडक्यात बांधलेलं काहीतरी लांबडं. तिनं शालिनीला विचारलं, "सिस्टर बायचं देऊळ ह्येच काय?"

सखूबाई नाव तिचं. उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणारी. आपल्या देवाची माळ गळ्यात घालूनच ती आत आली आणि शेवटच्या बाकावर जागा दिसली तिथं, म्हणजे यशवंतभाऊंच्या शेजारी, बसली. फडकं सोडलं. आत हातभर लांबीचं पिवळं पडलेलं तवसं. आमच्या कोकणात मोठ्या काकडीला तवसं म्हणतात.

लिलावात तवशाची पाळी आली तेव्हा मी तिला विचारलं, "सखूबाई, हे कुणाच्या नावानं?"

ती उभी राहिली. "सिस्टर म्हनली, आमच्यात पिकाचं पयलं देवाफुडं ठेवत्यात. म्हनलं, मंग तिच्या देवाला आमचं तवसं. त्या पावसात रस्ता व्हावून गेल्ता, सून अडलेली. डोली न्हेयाला वाटच नाय. ही चिखलानं माखलेली वर आली. सून मोकली हुईस्तवर उठली नाय. पोर रडला तवा तीच आदी रडली." मग शेजारी बघून सगळ्यांनाच म्हणाली, "तिचा बाप हिथंच अस्तो म्हनं. कुटं बसतो तो?"

सगळ्या माना त्या बाकाकडं वळल्या होत्या. यशवंतभाऊ समोर बघत होते.

मी तवसं उचललं. "पन्नास रुपयांपासून."

"शंभर," यशवंतभाऊ म्हणाले.

पुढं बोली नव्हती. बोलणार कोण? मी एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं.

"दीडशे," यशवंतभाऊ.

"भाऊ, बोली तुमचीच आहे."

"ठाऊक हाय. दोनशे."

दोघंतिघं हसले. शिक्षक म्हणाले, "भाऊ, कुणाशी भांडताय?" त्यांनी ऐकलं नाही. अडीचशे. तीनशे. स्वतःच्याच बोलीवर बोली चढवत गेले. आवाज जड होत गेला, हसणारे गप्प झाले, आणि शेवटी त्यांना पुढचा आकडाच म्हणता येईना. मी तवसं त्यांच्या हातात नेऊन दिलं. सखूबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "तूच काय रे तो बाप?" असं म्हणून तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जसा एखाद्या पोराच्या पाठीवरून फिरवावा.

संध्याकाळी मी निघालो तर यशवंतभाऊ स्कूटरपाशी उभे. काखेत तवसं. "पोलादपूरला जाताय ना?" एवढंच. वाटभर माझ्या पाठीत ते तवसं टोचत होतं.

माडीच्या जिन्यात करुणा चपला काढत होती. बापाला बघून एक पाय तसाच राहिला.

"बाबा, तवसं कशाला आणलंत?"

"घरात मी एकटा माणूस," यशवंतभाऊ म्हणाले. "एवढं खाणार कोण?"

उपासनेनंतर ते तवसं माडीवरच कापलं. दुकानातून मीठ-मिरची आली. सगळ्यांनी खाल्लं. लग्नाचा विषय निघाला नाही, माफीचाही नाही. करुणानं बिया काढून बापापुढं फोडी ठेवल्या, कारण त्यांना बिया चालत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. परतताना वाऱ्यात ते काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही म्हणून मी स्कूटर बाजूला घेतली.

"मी म्हणत होतो, साहेब," ते म्हणाले, "प्रभूनं तिला काय सांगितलं नाय असं नव्हतं. सांगितलं होतं. आमच्यापेक्षा येगळं सांगितलं होतं."

देवाच्या इच्छेवर मी आयुष्यभरात शेकडो उपदेश केले असतील. हे वाक्य एकाही उपदेशात नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी पेटी उघडली. दमटपणानं एक पट्टी चिकटली होती. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी ती तिथल्या तिथं मोकळी केली. आम्ही सगळे भलत्याच सुरांना सरावलो होतो. वळणावर यायला महिना गेला.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं करुणानं मला सांगितलं, की तिला मनोजशी लग्न करायचं आहे. मनोज नगरकडचा, आमच्याच माडीवरच्या उपासनेला येणारा, पोलादपूरला अॅम्ब्युलन्स चालवतो. घाटातली वळणं आणि वाड्यांचे रस्ते दोघांनी बरोबरच पालथे घातले होते. नातेवाइकांत कुजबुज झाली, इंजिनिअर सोडून ड्रायव्हर? यशवंतभाऊ म्हणाले, "मी जन्मभर ड्रायव्हरांच्याच गाड्या नीट केल्या. माणूस कसा चालवतो ते बघून मला कळतं." आत्या लग्नाला आल्या, पण माझ्या हातचा पेढा त्यांनी घेतला नाही. अजूनही त्या माझ्याशी बोलत नाहीत. ती सल आहे. त्यांच्यापाशी मी थोडं सावकाश बोलायला हवं होतं, असं वाटतं.

पण सांगायचं आहे ते या लग्नाच्या तिसऱ्या सूचनेच्या रविवारचं. पाळक म्हणून ती माझी शेवटची सूचना होती, पुढच्याच महिन्यात निवृत्त होणार होतो. चर्च गच्च भरलेलं. इकबालभाईसुद्धा दाराशी येऊन उभे होते, "नुसता बघायला आलो, फादर," म्हणून. मनोज मान खाली घालून बसलेला. मी दोघांची नावं वाचली, हरकत विचारली आणि थांबलो.

पंखा ऐकू आला. कुणी चुळबुळलं नाही, घड्याळ बघितलं नाही. थट्टा करणारेही गप्प होते. सगळं चर्च माझ्याबरोबर थांबलं होतं. मी पुढं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पेटीकडून आवाज आला.

यशवंतभाऊ बसल्या जागी वळले होते. भात्यावर हात तसाच. त्यांनी बाकांवरून नजर फिरवली आणि लेकीवर आणून ठेवली.

"करुणा गो," ते म्हणाले, "तुझी हाय काय?"

"नाय, बाबा."

त्यांनी मान हलवली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, भाता ओढला आणि मी नंबर सांगायच्या आतच गीत सुरू केलं. त्या दिवशी करुणा गायली. मी पुढंच उभा होतो, मला नीट ऐकू आलं.